चार पूर्णांक एक

नाचणेबाईंनी पाच जण निवडले.
मातीला रेहाना, झाडांना श्रावस्ती, पक्ष्यांना जोएल,
पाण्याला भाग्येश मढवी आणि मी.
त्याला पोहता येतं म्हणून तो,
माझं अक्षर चांगलं म्हणून मी.

ऐरोलीच्या खाडीवर अकरा शाळांचे अकरा तंबू,
सगळ्यांच्या डोक्यावर बँकेने दिलेल्या हिरव्या टोप्या.
श्रावस्ती दोरीच्या चौकोनात तिवरांची मुळं मोजत होती,
एकशे बाराला चुकली, पुन्हा एकपासून.
रेहाना चिखलाच्या वळ्या करत होती, शेवया करतात तशा.
जोएल दुर्बीण उलटी धरून
रोहित पक्षी फार लांब गेलेत म्हणून ओरडत होता.

ओहोटी लागली होती.
भाग्येश मांडीभर गाळात उतरला,
बाटली तिरकी बुडवून पाण्याखालीच तिला झाकण लावलं,
बुडबुडा आत जाऊ दिला नाही.
दोन बाटल्या भरल्या. एक तपासायला, एक राखीव.
हे औषध एक नळी, ते औषध एक नळी.
पुस्तकात होतं: साका तपकिरी बसेल,
जितका गडद तितका प्राणवायू.

आमचा पांढरा बसला.
नासलेल्या दुधासारखा.
उन्हाकडे धरून पाहिला, तरी पांढरा.

"पान्याला दम लागलाय," भाग्येश म्हणाला.
मग माझ्या वहीसाठी, सावकाश, शाळेतल्या भाषेत:
"विद्राव्य ऑक्सिजन कमी आहे, असं लिही.
बाबा सांगत होता, परवा बोयटं तोंडं वर काढून होती,
हाताने उचलावीत अशी."

निळा रंग चार थेंबांतच उडाला.
हिशेब मी दोनदा केला.
एक पूर्णांक चार.

शेजारच्या तंबूतला मुलगा मोठ्याने सांगत होता, चार पूर्णांक दोन.
त्याच्या पलीकडे कुणीतरी, चारच.
बाई लांब, केळी वाटत होत्या.
सात मिनिटं उरली होती.
मला वाटलं, चूक आमचीच,
आमची औषधं जुनी, आमची शाळा महापालिकेची.
खोडरबर नवं होतं, खूणही राहिली नाही.
मी आकडे तेच ठेवले,
फक्त त्यांच्या जागा बदलल्या.
चार पूर्णांक एक.

परीक्षकांनी विचारलं, या पाण्यात काय जगेल?
मी घडाघडा सांगितलं: जिताडा, कोळंबी, चिंबोरी.
"छान," ते म्हणाले, "अपेक्षित आहे."
भाग्येश तेव्हा खाली वाकून
रबरी चपलेची नसलेली नाडी बांधत होता.

दुसरा नंबर आला.
फळ्यावर सगळ्यांचे आकडे लावले होते,
चार, चार पूर्णांक दोन, तीन पूर्णांक नऊ, चार पूर्णांक एक.
अकरा शाळा आणि एकच खाडी,
अकराही जणांनी तिला धडधाकट लिहिलं होतं.
मी ते वरून खाली वाचलं.
मग खालून वर.
मला पहिल्यांदा शंका आली
की आणखी दहा खोडरबरं नवी असतील.

बसमध्ये चषक हातोहात फिरला.
भाग्येशने तो घेतला, वजन पाहिलं, पुढे दिला.
मला काहीच म्हणाला नाही. दिव्याच्या फाट्याला उतरला,
जाताना टोपी सीटवर ठेवून गेला.

घरी आल्यावर दप्तर उघडलं.
राखीव बाटलीचं झाकण कुठेतरी सैल झालं होतं,
बसमधली हवा आत गेली होती, आमच्या सगळ्यांच्या श्वासांची.
साका आता तपकिरी होता,
पुस्तकातल्या चित्रासारखा, अगदी बरोबर.

आई म्हणाली, चहा सांडलाय का त्यात?
मी नाही म्हणाले.
बाटली खिडकीत ठेवली.
भाग्येशला दाखवायची होती.
सोमवारी नेली नाही, मंगळवारीही नाही.